जुनाट कंबरदुखी, ऑपरेशन आणि इतर उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला लोक गाठून काय काय विचारतात, याची यादी मला आता तोंडपाठ आहे. नऊ वर्षं हे दुखणं सांभाळतेय. त्यात एक ऑपरेशन झालं. त्याच्या आधी आणि नंतर सुया, मालिश, योग, पट्टा, शेक असं बरंच करून झालं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या कंबरेचा निर्णय इथे लागणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं, एवढं नक्की कळेल.

जुनाट कंबरदुखी म्हणजे किती दिवसांची?

बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की जुनाट. वाकताना अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, मग उपचार कुठलाही केलेला असो. म्हणून तर प्रत्येकाकडे एक ‘रामबाण’ उपाय असतो. तो ज्या आठवड्यात केला, त्याच आठवड्यात दुखणं तसंही ओसरणार होतं. जुनाट दुखण्यात ही सोय नाही.

आणि तुम्ही एकटे नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या दुखण्यांत हिचा नंबर पहिला लागतो.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असं आलंय. म्हणजे तेच कारण ना?

असेलही, नसेलही. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

१९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक गादी (दोन मणक्यांमधली चकती) फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांची तर बाहेर डोकावत होती. दुखणं मात्र शून्य. पुढे २०१५ साली असे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या माणसांतही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजू लागलेल्या दिसतात, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. केस पिकतात तशा गाद्या झिजतात.

माझा पहिला रिपोर्ट एका डॉक्टरांनी दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “वय चाळीस, पण पाठ सत्तरीची झालीय तुमची.” त्या वाक्यानंतर दोन महिने मी वाकायची बंद झाले. खाली पडलेलं पेन पायाच्या बोटांनी उचलायचे. दुखणं त्या दोन महिन्यांत वाढलं, आणि त्याला गादीपेक्षा ते वाक्य जास्त जबाबदार होतं असं मला आजही वाटतं.

रिपोर्ट कामाचा केव्हा? दुखणाऱ्या जागेशी तो जुळतो तेव्हा. एल-५ (कंबरेचा शेवटचा मणका) आणि एस-१ (त्याच्या लगेच खालचा) यांच्यामधली गादी डाव्या बाजूला सरकून एस-१ची नस दाबत असेल, तर कळ डाव्या पोटरीतून तळव्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत जायला हवी. कळ उजव्या मांडीत असेल, तर तो रिपोर्ट खरा असूनही तुमच्या दुखण्याचा नव्हे.

‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणजे नेमकं काय?

गंमत अशी, की बहुतेक वेळा उलट झालेलं असतं. दोन मणक्यांमधली गादी सुकते, तिची उंची कमी होते आणि मणके जवळ येतात. एक्स-रेवर दिसते ती जागा कमी झालेली. आपण मात्र सर्रास म्हणतो, ‘गॅप आहे.’ शब्द चुकीचा असला तरी बिघडत नाही. बिघडतं ते ‘गॅप भरून देतो’ म्हणणारा भेटला की. गादीची उंची कोणत्याही तेलाने, झटक्याने किंवा गोळीने परत येत नाही, आणि बरं वाटायला ती परत यावी लागतही नाही.

मग ऑपरेशन कोणाला लागतं?

माझ्यापुरतं मी हे एका ओळीत बसवलंय: ऑपरेशन पायासाठी असतं, कंबरेसाठी नसतं. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

गादी फुटून नस दाबली गेली की दुखणं कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून खाली धावतं. विजेचा झटका बसल्यासारखं. मुंग्या, बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं हेही त्यातच. यालाच सायटिका म्हणतात. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोघांनी हा त्रास फुटलेल्या गादीमुळे होतो आणि तो तुकडा काढता येतो हे दाखवलं. तेव्हापासून हे ऑपरेशन टिकून आहे, कारण ते एक नेमकं काम करतं: नसेवरचा दाब काढणं.

नुसती कंबर दुखत असेल, कळ पायात जात नसेल, तर दाब काढायला तिथे काही सापडत नाही. मग नेमकी कुठली गादी, कुठला सांधा, कुठला स्नायू दुखतोय हे सांगणंच अवघड. जुनाट कंबरदुखीत मोठा वाटा याच प्रकाराचा असतो, आणि सुरी तिथे फारशी उपयोगी पडत नाही.

दुसरा गट वयस्कर लोकांचा. मणक्याची नळी अरुंद झालेली असते. चालायला लागलं की दहा मिनिटांत दोन्ही पाय जड होतात, भरून येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की सुटका. असा माणूस सायकल तासभर चालवेल, पण सरळ उभं राहून चालता येणार नाही. पुढे वाकल्यावर नळी थोडी उघडते, म्हणून. इथेही तक्रार पायाची आहे हे लक्षात घ्या.

थांबायचं नाहीच, असं केव्हा?

खालीलपैकी काही असेल तर हे पान बंद करा आणि रुग्णालय गाठा.

लघवी अडली आहे, किंवा भरल्याची जाणीवच होत नाही. शौचावरचा ताबा सुटलाय. खोगिरावर बसताना शरीराचा जो भाग टेकतो तिथे, म्हणजे जांघेत आणि गुदद्वाराभोवती, बधिरपणा आलाय. दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जातेय. मणक्याच्या टोकाशी नसांचा एक झुपका असतो. त्याचं लॅटिन नाव ‘कॉडा इक्वायना’, म्हणजे घोड्याची शेपटी. तो झुपका दाबला गेला तर तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

ताप येऊन कंबर दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, विश्रांती घेऊनही रात्री न थांबणारं दुखणं, बराच काळ स्टेरॉइड घेतलेलं असणं, यांतलं काही असेल तर तपासणी लगेच करून घ्या.

एक घरगुती चाचणी. भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर उभं राहा. टाच उचलून, ओळीने दहा वेळा. मग दुसरा पाय. मग टाचांवर चार पावलं चाला. एका बाजूची टाच उचलतच नसेल किंवा पंजा खाली पडत असेल, तर नस नुसती दुखत नाहीये, कामही सोडतेय. हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. मला स्वतःला ते सांगायला पाच आठवडे लागले, कारण कोणी विचारलं नाही आणि मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

धोक्याची लक्षणं नाहीत, पण पायात कळ आहे. थांबलं तर कायमचं नुकसान होईल का?

ताकद शाबूत असेल तर थांबण्यात सहसा धोका नाही, त्रास मात्र आहे. नेदरलँड्समध्ये २८३ जणांवर झालेला एक अभ्यास २००७ साली आला. दीड ते तीन महिने सायटिका असलेल्यांचे दोन गट केले: एकाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांना आराम खूपच लवकर पडला. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट सारखेच, साधारण ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, पण उरलेल्यांचं निभावलं.

निभावलं कसं? बाहेर पडलेला गादीचा गर शरीराला परका वाटतो. रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि तो हळूहळू खाऊन टाकतात. फिल्मवर सगळ्यात भयंकर दिसणारा, पूर्ण सुटून पडलेला तुकडाच बऱ्याचदा सगळ्यात चांगला विरघळतो. नुसती फुगलेली गादी त्या मानाने तशीच राहते.

तेव्हा प्रश्न ‘ऑपरेशन करू की नको’ असा नसून ‘आणखी चार महिने हे सोसणं मला परवडेल का’ असा आहे. त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. मी सोळा आठवडे थांबले आणि मग केलं, कारण पोटरीची ताकद उतरत चालली होती आणि सलग दोन तास झोप हे स्वप्न झालं होतं.

इंजेक्शनने काम भागत नाही का?

मणक्याच्या नळीत दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन पायातली कळ काही आठवडे कमी करू शकतं. थांबण्याचा काळ सुसह्य करायला ते चांगलं. नुसत्या कंबरदुखीला त्याचा फारसा उपयोग नाही.

ऑपरेशनचे प्रकार कोणते?

मायक्रोडिस्केक्टॉमी: साधारण तीन सेंटिमीटरची चीर, सूक्ष्मदर्शक, आणि नसेवर बसलेला तुकडा तेवढा काढणं. सगळी गादी काढत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

लॅमिनेक्टॉमी किंवा डीकम्प्रेशन: अरुंद नळीच्या मागची हाडाची कमान छाटून नसांना जागा करून देणं.

फ्यूजन: दोन किंवा जास्त मणके स्क्रू, दांडे आणि हाडाचं कलम वापरून कायमचे जोडणं. हे मोठं काम आहे. हाड जुळायला महिने लागतात. धूम्रपान करणाऱ्याचं हाड न जुळण्याची शक्यता बरीच जास्त, म्हणून अनेक सर्जन आधी सिगारेट सोडायला लावतात. जोडलेल्या भागाच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर भार वाढतो, हेही खरं.

फ्यूजनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मणका खरोखर सरकत असेल, मोडला असेल, वाकडा होत असेल, जंतुसंसर्गाने किंवा गाठीने पोखरला असेल तर ते हवंच. पण ‘गाद्या झिजल्यात, कंबर दुखते’ एवढ्यावर ते सुचवलं गेलं तर दुसरं मत घ्या. ब्रिटनमध्ये ३४९ जुनाट रुग्णांत फ्यूजनची तुलना व्यायाम आणि मनाची तयारी अशा भरगच्च कार्यक्रमाशी केली. २००५ साली निकाल आला, तो असा की दोन वर्षांनंतर फरक अगदी किरकोळ. अरुंद नळीच्या रुग्णांत नुसतं डीकम्प्रेशन आणि डीकम्प्रेशन अधिक फ्यूजन यांची तुलना स्वीडनमध्ये २४७ जणांत झाली (२०१६). जोडकामाने जादा फायदा दिसला नाही. ऑपरेशन लांबलं, मुक्काम वाढला, इतकंच.

‘मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो’ हे खरं का?

नाही. पाठीचा कणा म्हणतो त्यातला मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. गादीची बहुतेक ऑपरेशनं त्याच्या बरीच खाली, सुट्या नसांच्या भागात होतात. लुळेपणाची भीती जितकी पसरलेली आहे, तितका तो धोका मोठा नाही.

खरे धोके वेगळे आहेत. नसांवरचं आवरण फाटून पाणी झिरपणं. जखमेत पू होणं. पायात रक्ताची गुठळी. आणि तीच गादी पुन्हा फुटणं, जे शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांचं होतं. भीती घालवायला म्हणून कोणी ‘काहीच धोका नाही’ म्हणालं, तर त्यावरही विश्वास ठेवू नका.

सर्जनला काय विचारावं?

मी कागदावर पाच प्रश्न लिहून नेले होते. माझ्या पायाचं दुखणं आणि रिपोर्टमधली जागा जुळते का? ऑपरेशनने पायाला किती आराम पडेल आणि कंबरेला किती, वेगवेगळं सांगा. तीन महिने थांबले तर काय होईल? हेच ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? फसलं तर पुढे काय?

दुसऱ्या प्रश्नावर सर्जन जरा थांबले, मग म्हणाले, “पायाची खात्री बरीचशी देतो. कंबरेची देत नाही.” त्याच क्षणी मी त्यांच्याकडेच करायचं ठरवलं.

ऑपरेशननंतरचे दिवस कसे असतात?

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय केलं, तर पाय शोधला. चार महिने पेटलेला पाय शांत होता. रडू आलं. कंबर मात्र घणाने ठोकल्यासारखी.

त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. उठण्याची पद्धत आधीच शिकून ठेवा, भूल उतरलेली नसताना डोक्यात शिरत नाही. गुडघे दुमडायचे. खांदे, कंबर, गुडघे एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरावर व वरच्या हाताच्या तळव्यावर जोर देऊन धड उचलायचं. पायांचं वजन खाली जातं, धड वर येतं, तराजूसारखं. कंबर पिळायची नाही.

शिंकेची भीती सगळ्यांना वाटते. शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला हात टेका, गुडघे किंचित वाकवा, छाती पुढे झोकू नका. मोजे घालताना वाकण्याऐवजी खुर्चीत बसून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर घ्या.

पायातली कळ जाते तितक्या लवकर बधिरपणा जात नाही. नस महिनोन्‌महिने घेते. माझ्या करंगळीचा एक तुकडा अजून झोपलेला आहे. मध्येच आठवड्या-दोन आठवड्यांनी जुनी कळ डोकावली, तर घाबरू नका. सुजलेली नस अशी कुरकुर करते. वाढतच गेली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर मात्र लगेच दाखवा.

ऑपरेशन होऊनही दुखतंय. फसलं का?

आधी काय दुखतंय ते पाहा. पाय बरा झाला आणि कंबर राहिली, तर ऑपरेशनने आपलं काम केलं. उरलेलं काम दुसऱ्या खात्यातलं.

पायच पुन्हा दुखू लागला तर शोध घ्यावा लागतो: गादी पुन्हा फुटली, आत व्रण धरला, की नसेलाच इजा झाली होती. पूर्वी याला सरसकट ‘फेल्ड बॅक सर्जरी’ म्हणायचे. रुग्णावर आणि सर्जनवर दोघांवरही शिक्का मारणारं ते नाव आता मागे पडतंय. दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं हमखास नसतं, तिसरं तर आणखी कमी. काही निवडक रुग्णांत मणक्याजवळ बारीक तारा बसवून विजेच्या सौम्य लहरी देतात. या उपचाराचा पहिला प्रयोग १९६७ सालचा. त्याआधी दोन वर्षं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट’चा सिद्धांत मांडला होता: मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, आणि स्पर्शाचे संदेश आले की वेदनेचे संदेश अडतात. लागलं की आपण चोळतो, ते उगाच नव्हे.

ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का?

होतो, पण का होतो हा प्रश्न अवघड आहे. जर्मनीत ११६२ जुनाट रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २००७ साली आला. खरं ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना आराम पडला. भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के. औषध-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के. म्हणजे सुया कुठे टोचल्या याने जवळजवळ काही फरक पडला नाही, पण टोचण्याचा मात्र पडला.

यातून अधिकृत शिफारशींतही गोंधळ आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली ॲक्युपंक्चर सुचवलं. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी ते नको म्हटलं. आकडे तेच, अर्थ वेगळा.

मी दहा वेळा घेतलं. अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पालथं पडून राहायचं, फोन बाहेर, कोणी बोलायचं नाही. आराम वाटायचा, तो दोन दिवस टिकायचा. सुयांचा किती आणि त्या अर्ध्या तासाचा किती, मला सांगता येणार नाही. सुया पाकिटातून तुमच्यासमोर फोडलेल्या हव्यात, एवढी अट ठेवा.

हाडं ‘बसवून’ घेतली तर?

कडकडा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. मणका जागेवर बसल्याचा नव्हे, कारण तो हललेलाच नसतो. तरीही प्रशिक्षित माणसाने केलं तर जुनाट कंबरदुखीत थोडा फायदा दिसतो, साधारण व्यायामाइतकाच. हाताने असे झटके देण्याची कायरोप्रॅक्टिक ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत डॅनियल पामर यांनी सुरू केली. आज ती शिकवणारी रीतसर महाविद्यालयं आहेत, आणि न शिकता पाठीवर गुडघा देणारेही आहेत. पायात ताकद कमी असेल, हाडं ठिसूळ असतील, कर्करोगाचा इतिहास असेल, तर कोणालाही झटका देऊ देऊ नका.

‘दर आठवड्याला यावं लागेल, नाहीतर पुन्हा सरकेल’ असं जिथे सांगतात तिथून उठा.

योगाने बरं होतं का?

योग मला आवडतो. म्हणूनच हे प्रामाणिकपणे सांगते. २०११ साली २२८ जणांचे तीन गट केले: एक योगवर्ग, एक साध्या स्ट्रेचिंगचा वर्ग, एकाला स्वतः वाचून करायचं पुस्तक. बारा आठवड्यांनी योगवाले पुस्तकवाल्यांपेक्षा बरे होते. आणि स्ट्रेचिंगवालेही तितकेच बरे होते. जादू आसनात नाही, नेमाने आणि न घाबरता हालण्यात आहे. तुम्हाला पोहणं आवडत असेल तर पोहा.

गादी ताजी फुटलेली असताना पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकणं मात्र टाळा. शिक्षकांना आधीच सांगा. ‘थोडं सोसा, सुटेल’ म्हणणारा शिक्षक तुमच्यासाठी नाही.

मालिश, शेक, कटिबस्ती?

शेक घ्या. स्वस्त, निर्धोक, स्नायू सैलावतात. बधिर भागावर गरम पिशवी ठेवताना तापमान हाताने पाहा, भाजल्याचं कळत नाही. मालिशने काही दिवस बरं वाटतं. कटिबस्तीत कंबरेवर पिठाची पाळ करून कोमट तेल धरून ठेवतात. ऊब आणि निवांतपणा दोन्ही मिळतात, त्यामुळे बरं वाटतं यात नवल नाही. गादी आत जाते, हे मात्र होत नाही.

पोटात घ्यायच्या औषधांना मी वेगळा नियम लावते. २००८ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. लेबल नसलेली पुडी ‘निसर्गातून आलीय’ म्हणून घेऊ नका. अशा पुडीने झटपट आराम पडला, तर आत गुपचूप स्टेरॉइड तर नाही ना, ही शंका आधी घ्या.

पट्टा, ट्रॅक्शन?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीचा उपचार म्हणून नकोत, असं त्यात म्हटलंय. माझा पट्टा कपाटात आहे. लांबच्या प्रवासात कधी लावते, दुसऱ्याने धक्का देऊ नये म्हणून.

गोळ्यांचं काय?

सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांचा थोडा उपयोग आहे. कमीत कमी दिवस, पोट आणि मूत्रपिंड सांभाळून. पॅरासिटामॉल आपण सगळेच घेतो, पण ऑस्ट्रेलियातल्या १६५२ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) ताज्या कंबरदुखीत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. अफूच्या वर्गातल्या गोळ्यांना जुनाट दुखण्यात जागतिक आरोग्य संघटना नाहीच म्हणते.

‘हे तुमच्या मनात आहे’ म्हणतात. राग येतो.

येणारच. माझाही जीव जळायचा. वाक्यच चुकीचं आहे. बरोबर वाक्य असं: दुखणं खरं आहे, आणि ते किती मोठं ऐकू येईल हे मज्जासंस्था ठरवते. चोर येऊन गेलेल्या घरात नंतर मांजर चाललं तरी घंटा वाजते. महिनोन्‌महिने दुखल्यावर मज्जासंस्था तशीच होते. इजा भरून आलेली, घंटा चालू.

ती घंटा मंद करता येते. २०१६ साली ३४२ जणांवर झालेल्या अभ्यासात आठ आठवडे ध्यानाचा वर्ग केलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के, आणि विचारांना नवं वळण देणाऱ्या समुपदेशनातल्या ५८ टक्के लोकांची रोजची हालचाल सहा महिन्यांनी सुधारलेली होती. नेहमीच्या उपचारांतल्यांपैकी ४४ टक्के. हा आकडा काही चमत्कार नाही. पण त्याला टाके पडत नाहीत.

मी काय केलं? ज्या हालचालीची भीती, तीच रोज थोडी करायची. मला जमिनीवरून वस्तू उचलायची भीती होती. आधी स्टुलावरचा रुमाल, मग पाटावरचा, मग जमिनीवरचा. सहा आठवडे नुसता रुमाल.

सगळ्यात साधा उपाय कोणता?

चालणं. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ साली आला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत त्यांना नेलं. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मधला काळ २०८ दिवसांचा, न चालणाऱ्यांचा ११२.

चालायला सुरुवात करताना दुखण्यावर नाही, घड्याळावर चाला. आज आठ मिनिटं ठरलं तर बरं वाटत असलं तरी आठच, आणि कंटाळा आला तरी आठ. चांगल्या दिवशी तासभर हुंदडून पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, हे चक्र मी दोन वर्षं फिरवलं.

कडक बिछाना, फळी?

नको. २००३ साली ३१३ जणांत तुलना झाली. मध्यम कडक गादीवाले, एकदम कडक गादीवाल्यांपेक्षा बरे राहिले.

चार उपचार एकदम केले तर लवकर बरं वाटेल का?

खिसा लवकर रिकामा होईल. बरं वाटलं तर कशाने, हेही कळणार नाही. व्यायाम कायम ठेवा आणि त्याच्या जोडीला एकच काही घ्या, सहा आठवडे. आधी वहीत लिहा: किती मिनिटं बसता येतं, किती चालता येतं, रात्री किती वेळा जाग येते. सहा आठवड्यांनी हेच तीन आकडे पाहा. ‘बरं वाटतंय का’ असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर हवामानाप्रमाणे बदलतं.

सगळं सुरळीत असताना पुन्हा उसण भरली तर?

भरतेच. माझी वर्षातून दोनदा भरते, आणि दर वेळी पहिल्या तासात वाटतं, झालं, परत ऑपरेशन. मग मी चवड्यावर उभी राहून पाहते, दोन्ही पायांवर दहा-दहा वेळा. टाच उचलली, लघवी नीट झाली, तर शेकाची पिशवी गरम करते, दिवसभर तासाला एकदा उठून घरातल्या घरात फेरी मारते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आठ मिनिटांपासून सुरू करते.